शकूचा जबाब

तालुक्याच्या कचेरीत सुनावणी चालू होती. कारकून कागद वाचत होता आणि शकू मनातल्या मनात कुणाला तरी शिव्या घालत होती.

"सदर टेकडीवर व तेथील दगडांवर पाड्यातील कोणाही रहिवाशाचा हक्क नाही, असे जबाब देणाराने समक्ष सांगितले."

कुणी सांगितलं असेल हे? पाड्यातल्या एकेका पुरुषाचं तोंड तिच्या डोळ्यांपुढून गेलं. टेकडी सपाट करून मार्केट बांधायला निघालेल्या बिल्डरच्या माणसाच्या गोड बोलण्याला भुलणारा कोण निघाला? शेजारी बसलेली तिची धाकटी जाऊ लखमी तर उघडच पुटपुटली, "मेल्याच्या जिभेला किडे पडतील."

"जबाब देणार," कारकुनानं पान उलटलं, "शकू जान्या वरठा."

लखमीचं तोंड उघडंच राहिलं. पाड्यात दुसरी कुणी शकू आहे का, असं शकूला क्षणभर खरंच वाटलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. खाली सही होती. 'श'चं पोट फुगलेलं, 'कू'चा ऊकार ओळीखाली घसरलेला. ही सही तिनं अंधारातही ओळखली असती.

सही करायला तिला तेजस्वीनं शिकवलं होतं. गोखिवऱ्याच्या सोसायटीत शकू तीन घरची भांडी घासायची, त्यातलं एक तेजस्वीचं. बँकेत अंगठा लावून आलेल्या शकूचं निळं बोट बघून तेजस्वी म्हणाली होती, "मावशी, दोन अक्षरांचं तर नाव आहे तुमचं." मग महिनाभर रोज, भांडी झाल्यावर, स्वयंपाकघराच्या काळ्या ओट्यावर ओल्या बोटानं शकू, शकू, शकू. पुसायचं आणि पुन्हा. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी शकूनं पाड्यात जाऊन चुलीच्या राखेतही नाव काढलं होतं.

आणि आता तेजस्वीच अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्या मागच्या खुर्चीत बसली होती. टेकडी वाचवण्याचा अर्ज शकूच्या नावानं तिनंच लिहिला होता. ती पुढे वाकली. "मावशी, तुम्ही सही केलीत? मला एकदा विचारायचं तरी!"

"केली खरी," शकू म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

तिला सगळं आठवलं. चैत्रातली दुपार. पाड्यामागच्या त्याच टेकडीवर आइनाच्या झाडाखाली वाघ्या देवाचा दगड आहे. वर चंद्र-सूर्य, खाली वाघ. आजूबाजूला पाड्यातल्या मेलेल्यांचे, घोडा कोरलेले दगड, त्यात तिच्या नवऱ्याचा, जान्याचाही. नवा तांदूळ वाघ्यापुढे ठेवल्याशिवाय पाड्यात कुणाच्या चुलीवर चढत नाही. दर वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, त्याला शेंदूर लावायचा तो वरठ्यांच्या घरानं. जान्या गेला, पोटी मूल नव्हतं, वरठ्यांच्या घरात दुसरा पुरुष उरला नव्हता. बाईच्या हाताचा शेंदूर चालतो का, यावर पाड्यात दोन दिवस भांडण झालं, आणि शेवटी कुरकुरत का होईना, शेंदराचा डबा तिच्याकडेच राहिला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

त्या दुपारी कचेरीची दोन माणसं कागद घेऊन आली, बरोबर बिल्डरचा माणूस हार्दिक. त्यांनी विचारलं, इथलं कोण बघतं? लोकांनी तिचं घर दाखवलं. आपल्यालाच विचारायला आले म्हणून ती सुखावली होती. खाट टाकली, कोरा चहा दिला.

"मावशी, ही टेकडी कुणाची?"

"वाघ्याची."

"ते झालं. पण तुमची आहे का? पाड्याची?"

शकूनं दोन्ही कान पकडले होते. "नाय रे बाबा, असं बोलू पन नको! आमची कशी असंल? आमचा काय हक्क?"

दुसरं काय बोलणार होती ती? सासऱ्यानं जान्याला आणि जान्यानं तिला एकच नेम घालून दिला होता. शेंदूर लावणाऱ्यानं ती जागा आपली म्हणायची नाही. ज्यानं म्हटलं, त्याचा हात देवाला चालत नाही. लिहिलेलं त्यांनी वाचूनही दाखवलं होतं आणि तिनं मान हलवली होती. हार्दिकनं शाईचा डबा पुढे केला तेव्हा ती ऐटीत म्हणाली होती, "सही येते मला."

"बाई," साहेबांचा आवाज आला, "अर्ज तुमचा, जबाबही तुमचाच. खरा कुठला?"

"दोनी."

कारकून हसला. समोर बसलेला हार्दिकही हसला, पण अदबीनं. "साहेब, आम्ही कुणाच्या भावना दुखवत नाही. दगड सन्मानानं उचलून मार्केटच्या गेटपाशी मंदिर बांधून देणार. टाइल्स, लाइट, घंटा, सगळं."

"आनि आमच्या मेलेल्यांना?" लखमी उसळली. "त्यांना काय लिफ्ट देशील?"

"शांत बसा," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा बाई. या जबाबावर अर्ज फेटाळावाच लागेल. बदलायचा असेल तर आत्ता, तुमच्या तोंडानं सांगा. ही जागा तुमची म्हणून तुम्ही पिढ्यान् पिढ्या वापरता का? मॅडमनी मध्ये बोलायचं नाही."

तेजस्वीनं तिच्या पाठीला बोट लावलं. म्हणजे, बोला.

लखमीनं तिचा हात घट्ट धरला. "नको, शकूबाय."

"मशीन घालतील ते."

"घालू दे. त्याचा तो बघून घेईल. तू नको बोलू."

शकूनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. भांड्यांच्या पावडरीनं फाटलेलं मधलं बोट. वाघबारशीनंतर आठ-आठ दिवस त्या चिरांमधून शेंदूर जायचा नाही. पहिल्या वर्षी तेजस्वी घाबरली होती, रक्त आलं म्हणून मलम घेऊन धावली होती. देवाला हे बोट चालतं, असं पाड्यानं एकदा मान्य केल्यापासून शकूनं मूल नसल्याबद्दल कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

आणि जान्याचा दगड अजून नवा होता. त्याच्यावरचा घोडा अजून स्पष्ट दिसत होता.

"माझी हाय," ती म्हणाली.

"मोठ्यानं बोला," कारकून म्हणाला. "ऐकू येत नाही."

लखमीनं हात सोडला.

"माझी हाय! माझ्या नवऱ्याची, सासऱ्याची, त्याच्या बापाची. सगळ्या पाड्याची. आमची हाय ती." आपल्याच तोंडून हे निघतं आहे, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

कारकुनानं टाइप केलं. शकूनं ते दोनदा वाचायला लावलं, मग सही केली. 'श'चं पोट या वेळी वाकडं आलं. पुढची तारीख पडेपर्यंत टेकडीला कुणी हात लावायचा नाही, असं साहेबांनी हार्दिकला सांगितलं. हार्दिक कागद आवरू लागला, तिच्याकडे न बघता.

बाहेर आल्यावर तेजस्वीनं तिला मिठीच मारली. "मावशी, कमाल केलीत! चला, उसाचा रस पिऊ या. मी देते."

"तुमी प्या, ताय."

"अहो, काय झालं? थांबलं ना सगळं!"

शकू पुढे निघाली. लखमी रिक्षात जाऊन बसली होती, मधे पिशवी ठेवून. शकू पिशवीच्या पलीकडे बसली. गोखिवऱ्याचा नाका आला.

"परवा वाघबारस," लखमी म्हणाली. रस्त्याकडे बघत. "डबा माझ्याकडं दे."

शकूला हे ठाऊकच होतं. तांदळाच्या कणगीमागे, फडक्यात बांधलेला तो डबा. जान्याच्या बोटांचे ठसे अजून त्याच्या झाकणावर होते.

"घरी चल. देते."

रिक्षा खड्ड्यातून गेली आणि मधली पिशवी शकूच्या मांडीवर कलंडली. तिनं ती तशीच धरून ठेवली.

"तेलात खलायचा," ती थोड्या वेळानं म्हणाली. "पान्यात नाय."

"ठावं हाय."

"आनि वाघाच्या डोळ्यापासून चालू करायचा. शेपटीकडून नाय. जान्या डोळ्यापासून करायचा."

लखमीनं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तू खालीच थांब," ती म्हणाली, "आइनाच्या अलीकडं. चुकलं तर तिथून सांग."