खालचं दिसलं पाहिजे

आमच्या शाळेत खोडरबराला बंदी होती. कुणाच्या हातात तो दिसला की गुरुजी तो घेत, बाहेर अंगणात येत आणि सरळ शाळेच्या छपरावर फेकून देत. लिहिताना चुकलं तर शब्दावर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे बरोबर शब्द लिहायचा, असा त्यांचा नियम होता. "खोडू नोको. एक रेघ मार. खालचं दिसलं पायजे," असं ते म्हणत. पुढे एका उन्हाळ्यात शाळेची कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फेरायला माणसं चढली तेव्हा वरून नऊ खोडरबर खाली आले. गुरुजींनी ते टेबलावर मांडले आणि ज्याचा त्याने ओळखून न्या म्हणाले. त्यात माझाही होता, एटापल्लीच्या बाजारातून हट्टाने घेतलेला. उन्हापावसाने तो दगडासारखा झाला होता. त्याने आता काहीच खोडलं जाणार नव्हतं, म्हणून गुरुजींनी तो परत दिला असावा.

स्वतःच्या लिहिण्यात मात्र त्यांना ती एक रेघही चालत नसे. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर ते देव्हाऱ्यातल्या पोथीसारखं कापडात बांधून ठेवत. नवीन मूल दाखल करायचं असलं की आधी हात धूत, टाक पुसावा तसं पेनचं टोक पुसत, आणि मग ते वळणदार अक्षर उमटू लागे. कुणी साहेब तपासणीला आला की चहाच्या आधी ते रजिस्टर त्याच्यापुढे ठेवत आणि म्हणत, "एक खोड दाखवा, साहेब. म्या नौकरी सोडतो." कुणाला कधी ती सापडली नाही.

गुरुजी चामोर्शीकडचे. घरी धानाची शेती होती. नोकरी मात्र आमच्या गावात, एटापल्लीच्याही आत, जिथे बस फाट्यावर सोडून देत असे आणि पुढचे पाच-सहा किलोमीटर जंगलातून चालावं लागे. शनिवारी ते घरी जात आणि सोमवारी परत येत. या वाटेवर त्यांना अस्वलाची फार भीती वाटे. म्हणून फाट्यावर उतरले की ते मोठ्याने पाढे म्हणत चालायला लागत. सोमवारी सकाळी नाल्यापलीकडून "एकोणतीस साते दोनशे तीन" असं ऐकू आलं की आम्ही धावत जाऊन वर्ग झाडायला लागायचो. माझा बाप म्हणायचा की आता या जंगलातल्या अस्वलांनाही पाढे पाठ झाले असतील. माझा बाप शाळेविषयी कधी काही बोलत नसे, म्हणून हे एवढं वाक्य मला लक्षात राहिलं आहे.

गुरुजी फार थोर होते असं मी लिहिणार नाही. दुपारी जेवण झालं की ते आम्हाला शुद्धलेखन घालून खुर्चीतच झोपत, आणि त्यांच्या घोरण्यावरून आम्हाला किती ओळी लिहायला वेळ आहे ते कळे. शिकवताशिकवता ते प्लास्टिकच्या तुकड्यात खर्रा घोटत आणि तंबाखू खाऊ नये हा धडा त्याच तोंडाने शिकवत. कान असा पिळत की रात्री कूस बदलली तरी आठवण यावी. शाबासकी म्हणून कधी पाठीवर हात नाही. फार झालं तर "बरं हाये" म्हणत, आणि तेही दुसरीकडे बघून.

आता माझ्या नावाची गोष्ट.

मला शाळेत घालायला बाप घेऊन गेला तेव्हा गुरुजी गावात नवीनच होते. त्यांना गोंडी येत नव्हती आणि बापाला मराठी बाजारापुरतीच येत होती. मुलीचं नाव विचारलं, बाप म्हणाला मैना. बापाचं नाव विचारलं, तो म्हणाला चैतू. मग गुरुजींनी विचारलं, "आडनाव?" हा शब्द बापाने कधी ऐकलाच नव्हता. आमच्यात कूळ विचारतात, आडनाव कोण विचारतो? तो म्हणाला, "पुन्नोन." गोंडीत याचा अर्थ होतो, मला माहीत नाही. गुरुजींनी हात धुतलेलेच होते. त्यांनी सुंदर अक्षरात लिहून टाकलं: मैना चैतू पुन्नोन.

आमचं खरं आडनाव हिचामी. काकाच्या मुलांच्या नावापुढे ते लागलं होतं, कारण काका मराठी येणाऱ्या पोलीस पाटलांना सोबत घेऊन गेला होता. माझी हजेरी रोज "मैना पुन्नोन" अशी व्हायची आणि अख्खा वर्ग हसायचा. गुरुजींना वाटे पोरं उगाचच हसतात, म्हणून ते एखाद्याचा कान पिळत. गावात माझ्या बापाची थट्टा होऊ लागली. मोहफुलं वेचताना बायका म्हणायच्या, चैतूला स्वतःचं कूळ माहीत नाही, झाड तरी ओळखू येतं का विचारा. बाप हसून घ्यायचा. पण तो पुन्हा शाळेच्या पायरीवर चढला नाही. पालकांची सभा असली की आईला पाठवायचा आणि स्वतः बांबू तोडायला निघून जायचा.

मी तिसरीत होते तेव्हा एक म्हातारी नातवाला दाखल करायला आली. एव्हाना गुरुजी हातपंपावरच्या बायकांकडून थोडी गोंडी शिकले होते. त्यांनी नातवाची जन्मतारीख विचारली. म्हातारी म्हणाली, "पुन्नोन." गुरुजींचं पेन हवेतच थांबलं. त्यांनी म्हातारीला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग त्यांनी मान वळवून वर्गात बघितलं, आणि ते बघणं नेमकं माझ्यावर येऊन थांबलं. त्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत.

तेव्हाच त्यांनी रजिस्टर दुरुस्त करायला हवं होतं. एक रेघ पुरली असती. मी चौथीतही नव्हते, सगळं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबले आणि म्हणाले, "मैना पुन्नोन. सांग बरं, आज तुले काय माहीत नाई?"

मी घाबरून उभी राहिले. ते म्हणाले, नाव लावलं आहेस तर रोज एक माहीत नसलेली गोष्ट सांगायची. दुसऱ्या दिवसापासून मी सांगायला लागले. नाल्याचं पाणी कुठे जातं माहीत नाही. सरकार कुठे राहतं माहीत नाही. काही दिवसांनी वर्गातल्या बाकीच्यांनाही सांगावंसं वाटायला लागलं आणि माझ्या नावाला हसणं आपोआप थांबलं. गुरुजींना उत्तर येत असलं तर ते देत. येत नसलं तर प्रश्न भिंतीवर खडूने लिहून ठेवत, शनिवारी चामोर्शीला जाऊन कुणालातरी विचारत आणि सोमवारी पाढ्यांबरोबर उत्तर घेऊन येत. मी एकदा विचारलं होतं की मोहाची फुलं पहाटेच का गळतात, दिवसा का नाही. तीन सोमवार गेले, उत्तर आलं नाही. तो प्रश्न मी गाव सोडेपर्यंत भिंतीवर होता.

चूक झाकायला त्यांनी ही युक्ती काढली होती, हे मला तेव्हाही थोडं कळत होतं. पण आजवर मी जे काही शिकले ते त्याच युक्तीमुळे शिकले, हेही तितकंच खरं.

चौथीनंतर मी आश्रमशाळेत गेले. दहावी, बारावी, सगळ्या कागदांवर पुन्नोन. बारावीला मार्क चांगले पडले आणि शेतकीच्या पदवीला माझा नंबर लागला. आमच्या घरात तोवर कुणी दहावीही झालं नव्हतं. पण प्रवेशाला जातीच्या पडताळणीचा कागद लागतो. पडताळणीच्या कचेरीत सांगितलं की बापाचं, काकाचं, आजोबाचं आडनाव हिचामी आणि मुलीचं पुन्नोन, मग ही मुलगी यांचीच कशावरून? मूळ शाळेचं रजिस्टर दुरुस्त करून आणा, आणि ज्याने नोंद केली त्याचा जबाब आणा. प्रवेशाला आठ दिवस उरले होते.

गुरुजी तेव्हा निवृत्त होऊन चामोर्शीला राहत होते. बाप आणि मी बसने गेलो. धानाच्या रोवणीचे दिवस होते, गुरुजी बांधीत, म्हणजे शेतात, गुडघाभर चिखलात उभे होते. बापाने बांधावरूनच हात जोडले आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "गुरुजी, त्या वक्ती मले समजलं नाई. माफी करा."

जो माणूस चुकलाच नव्हता तो माफी मागत होता. मी पुढे होऊन सगळं सांगितलं. रजिस्टरचं नाव निघताच गुरुजींचा चेहरा बदलला. "माह्या रजिस्टरात चूक?" एवढं म्हणून ते पाय न धुताच घरात निघून गेले. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हाला भात वाढून गेल्या. आमचं जेवण झालं तरी गुरुजी बाहेर आले नाहीत. बाप म्हणाला, चल, बस जाईल. मी म्हणाले थोडं थांबू. मला उठायची भीती वाटत होती. उठले असते तर शेतकी कॉलेज तिथेच, त्या ओसरीवर संपलं असतं.

गुरुजी बाहेर आले ते पांढरा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून. एक निळं, एक लाल. "आज मुक्काम करा. उद्या पयल्या गाडीनं जाऊ," म्हणाले.

गुरुजींनी रात्रीच फोनवर निरोप दिला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी एटापल्लीच्या तालुका कचेरीत आमच्या शाळेचे नवे सर रजिस्टर घेऊन आले होते. गुरुजींनी त्याच्यावरचं कापड स्वतः सोडलं. समोरच्या बाबूने पान बघितलं, कागद बघितले, आणि तो बापाकडे पाहून हसला. "काय बावा, सोताचं आडनाव मालूम नोहतं तुमाले?"

बापाने मान खाली घातली. बारा वर्षांपासून घालत होता तशीच.

"त्यायले मालूम होतं," गुरुजी म्हणाले. "मालूम मले नोहतं."

सगळी कचेरी ऐकत होती. गुरुजी बसले नाहीत, उभ्यानेच सांगत राहिले. आपण आडनाव मराठीत विचारलं, समोरच्या माणसाला तो शब्द कळला नाही, त्याने तसं आपल्या भाषेत सरळ सांगितलं, आणि ती भाषा येत नसताना मास्तराने तेच नाव म्हणून लिहिलं. मग ते म्हणाले, "हे पोट्टी तिसरीत होती तवाच मले समजलं होतं. पन रजिस्टरले रेघ नोको म्हनून म्या गप राह्यलो. चूक दोनदा केली म्या. दोन्ही लिहून देतो."

त्यांनी पानभर जबाब लिहिला. तेच वळणदार अक्षर, एकही खोड नाही. कचेरीच्या साहेबांनी मंजुरीची सही केली. बाबूने टेबलाच्या खणातून व्हाइटनरची बाटली काढून रजिस्टरशेजारी ठेवली, म्हणजे शब्द दिसणार नाही. गुरुजींनी ती एका बोटाने दूर सरकवली. लाल पेन काढलं, पट्टी मागितली, आणि पुन्नोनवर एक रेघ मारली. वर लिहिलं हिचामी. बाजूला सही केली. रेघ सरळ आली.

बाहेर आल्यावर बाप त्यांच्या पाया पडायला वाकला, तर गुरुजींनी त्याला मध्येच धरलं आणि खर्रा पुढे केला. दोघांनी तो अर्धा अर्धा खाल्ला. गावी परतल्यावर बापाने त्या आठवड्यात कुणाकुणाला ही गोष्ट सांगितली नसेल ते सांगा. नवीन सरांनी पालकांची सभा घेतली तेव्हा तो सगळ्यात आधी जाऊन पहिल्या ओळीत बसला.

मी शेतकीची पदवी घेतली, मग बी.एड. केलं, आणि आता एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दाखल करायचं असलं की मी आधी गोंडीत विचारते, मग मराठीत, आणि मग लिहिते.

गुरुजी जाऊन आता दोन वर्षं झाली. त्याच्या थोडे दिवस आधी मी चामोर्शीला भेटायला गेले होते. ते खाटेवर होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी त्यांना मोहाच्या फुलाचं उत्तर सांगितलं. ती फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात, आणि रात्रीचं काम झालं की पहाटे गळतात. त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि "बरं हाये" म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघून म्हणाले.

मग शाळेत पोरं कशी आहेत ते विचारलं. मी सांगितलं की रोज हजेरीला मीही विचारते, आज काय माहीत नाही. पोरं गोंडीच आहेत, ती आधी "पुन्नोन" म्हणतात आणि मग सांगतात. त्यामुळे आता सगळी शाळा मला पुन्नोन बाई म्हणते. हिचामी म्हटलं तर कुणाला कळतही नाही की कोण.

गुरुजींनी मला ते पुन्हा सांगायला लावलं, त्या म्हातारीला लावलं होतं तसंच. बराच वेळ ते गालातल्या गालात हसत राहिले.

"मंग थे रेघ काऊन मारली म्या?" ते म्हणाले.