नऊ नंबरचा नातेवाईक

सिस्टर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं. बायकांच्या वॉर्डात चौतीस वर्षं काढल्यावर दुसरं नाव चिकटतही नाही म्हणा. वॉर्डात त्यांचा एकच नियम होता, पेशंटला बाहेरचं काही द्यायचं नाही. नातेवाईक कपड्यांच्या पिशवीत तळाशी डबा लपवून आणत आणि सिस्टर तो दारातूनच वासावर पकडत. या एका नियमापायी त्यांनी इतक्या लोकांशी वाकडं घेतलं होतं, की त्यांना येताना बघून काही माणसं अजूनही रस्ता बदलत.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष मात्र वाईट गेलं. घरात आजारी पडायला एकटा नवरा, आणि तो ठणठणीत. सिस्टर रोज सकाळी त्याची नाडी बघायच्या आणि निराश होऊन मनगट सोडून द्यायच्या. कुणावर ओरडायचं नाही, कुणाची उशी नीट करायची नाही, नुसतं बसून राहायचं. आवाज खाली आला, जेवण कमी झालं. याला हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांना खरोखर फार एकटं वाटत होतं.

हे नवऱ्याच्या बरोबर लक्षात आलं. तो पूर्वी एका कचेरीत टायपिस्ट होता, आणि दुसऱ्यांच्या चुका मुकाट्याने दुरुस्त करायची त्याला सवय होती. एक दिवस तो कोकोपीटच्या चार विटा, बारा काळ्या पिशव्या आणि ढोबळी मिरचीची बारा रोपं घेऊन घरी आला.

"हे काय आता?" सिस्टर म्हणाल्या.

"नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. माती नाही, चिखल नाही. स्वच्छ काम." मग त्याने सोबतचा कागद वाचायला घेतला. या भुशात झाडाला खायला स्वतःचं असं काहीच नसतं, तो नुसता ओल धरून बसतो. म्हणून प्रत्येक पाण्यात खत मोजून घालायचं. पाणी इतकं द्यायचं की पाचवा हिस्सा खालून बाहेर आला पाहिजे, नाहीतर क्षार साठतात आणि पानांची टोकं करपतात.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, दोन्ही लिहून ठेवायचं?"

"असं दिसतंय खरं."

सिस्टर उठल्या, पट्टी आणि पेन्सिल घेतली आणि तक्ते आखायला बसल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

आठवड्याभरात गच्चीच्या कोपऱ्यात बारा खाटांचा वॉर्ड उभा राहिला. भुसा दोनदा धुऊन त्यातला खारटपणा काढला, मग एक रात्र कॅल्शियमच्या पाण्यात भिजवला. पिशव्या सहा-सहाच्या दोन रांगांत, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीखाली ताटली, प्रत्येकीच्या काठीला तक्ता. सकाळी आठला एक लिटर खताचं पाणी, वीस मिनिटांनी ताटलीतलं पाणी मापाच्या भांड्यात. दोनशे मिलीच्या आसपास आलं की सिस्टर खूश. कमी आलं की त्या झाडाला विचारत, "काय गं, कुठे ठेवलंस?" मग ताटल्या पुसून कोरड्या करायच्या आणि थेट दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड. रोपं कोवळी होती आणि ऊन बेताचं, तेव्हा एक वेळ पुरत होती.

आता प्रत्येक इमारतीला एक सेक्रेटरी असतो, तसा याही इमारतीला होता. गच्चीवर कुणी काही ठेवलं की ते आपल्याच डोक्यावर ठेवलंय असं त्याला वाटे. तो येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"महिनाभर बघू," तो म्हणाला. "झाडं धड दिसली तर कोपरा तुमचा, तसं पत्र देतो. एक जरी झाड मरतुकडं दिसलं तरी सगळं खाली. मला गच्चीवर कचरा नकोय."

"माझ्या वॉर्डात मरतुकडं कुणी नसतं," सिस्टर म्हणाल्या. पण जिना उतरताना त्यांनी महिन्याचे दिवस बोटांवर मोजले. हा कोपरा गेला तर पुन्हा ते नुसतं बसून राहणं आणि पुन्हा ती नवऱ्याची ठणठणीत नाडी. दुसऱ्यांदा ते सोसवणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दहा दिवस सगळं सुरळीत चाललं. अकराव्या दिवशी चार नंबरची खालची पानं पिवळी पडली. मग सातची, मग नऊची, आणि बघता बघता निम्मा वॉर्ड फिका पडला. खत तेच, माप तेच. सिस्टरांनी नोंदी तीनदा तपासल्या. शेवटी एका संध्याकाळी त्या अवेळी गच्चीवर गेल्या आणि जागीच थबकल्या. सकाळी स्वतःच्या हाताने पुसून ठेवलेल्या ताटल्या भरलेल्या होत्या. पाऊस नाही, पाइप फुटलेला नाही. ताटलीतल्या पाण्यात त्यांनी क्षार मोजायची कांडी बुडवली, तर आकडा सकाळच्या निम्म्यावर आलेला.

पेशंटला आपण काही दिलेलं नाही आणि पेशंटमधून लिटरभर बाहेर आलंय. याचा अर्थ सिस्टरांना चौतीस वर्षांपासून माहीत होता. कुणीतरी बाहेरचं देत होतं. साधं पाणी ओतून पोटातलं सगळं खत धुऊन काढत होतं.

"नातेवाईक," त्या पुटपुटल्या. आणि खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटलं.

इथे दुसरी कुणी असती तर पाटी लावली असती. सिस्टरांनी औषधांचं कपाट उघडलं आणि तोंडातल्या फोडांना लावतात ते जांभळं औषध काढलं. ते एकदा बोटाला लागलं की चार दिवस साबणाला दाद देत नाही. व्हॅसलिनमध्ये कालवून त्यांनी ते गच्चीवरच्या नळाच्या काळ्या चावीला खालच्या बाजूने लावलं आणि गुणगुणत घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा जेवायला बसला तो उजवा हात मांडीखाली घेऊन. वरण डाव्या हाताने वाढून घेत होता.

"हात दाखवा."

"अगं, रिबन बदलत होतो टाइपरायटरची. शाई लागली."

"टाइपरायटर आपण गेल्या वर्षी देऊन टाकला."

नवऱ्याने जांभळा हात मांडीखालून बाहेर काढला. "कोरडी दिसतात गं ती," तो म्हणाला. "तू एवढी मोजूनमापून देतेस. मला वाटलं, उपाशी राहत असतील."

संध्याकाळपर्यंत आणखी दोन बोटं सापडली. दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाईंनी जांभळ्या अंगठ्यावर शिवणकामाचं टोपण चढवलं होतं, आणि ते चढवून त्या बटाटे निवडत होत्या. वॉचमनने दोन्ही हात खिशात घालून सिस्टरांना सलाम करायचा प्रयत्न केला, तिथेच तो फसला. तिघांचंही म्हणणं एकच होतं. गच्चीवर गेलं की पिशवीत वरचा भुसा फिका, कोरडा, भुरभुरीत दिसतो, आणि जिवाला राहवत नाही.

सिस्टरांनी तिघांना गच्चीवर रांगेत उभं केलं. "बोट घाला," त्या म्हणाल्या. "वरवर नाही, आत." तिघांनी आपापलं जांभळं बोट भुशात पेरभर खुपसलं आणि तिघांचेही चेहरे पडले. खाली ओल गच्च होती.

"हा भुसा वरून असाच दिसतो. तोंड सुकलेलं म्हणून पेशंट तहानलेला नसतो. आजवर तुम्ही पाजलंत ते पुरे झालं. आता सकाळी आठला यायचं आणि माझ्यासमोर, मापाने द्यायचं." त्यांनी प्रत्येकाला दोन-दोन झाडं वाटून दिली. ओरडताना त्यांचा आवाज खालच्या चौकापर्यंत जात होता. नवरा खाली मान घालून ऐकत होता आणि हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते. हा आवाज ऐकायला तो दोन वर्षं थांबला होता.

झाडं सावरली. नवी पानं हिरवीगार आली, पिवळी होती ती सिस्टरांनी खुडून टाकली. अकरा खाटांवर सगळं आलबेल. नऊ नंबर मात्र ढिम्म. रोज संध्याकाळी तिची ताटली भरलेली, आणि तिघंही शपथा घेतात की आम्ही हात लावलेला नाही. नळाला पुन्हा औषध लावून झालं, कुणाचंही बोट रंगलं नाही. म्हणजे चोर पाणी घरून आणत होता. महिना संपायला दोन दिवस उरले होते, आणि 'एक जरी' हे शब्द सिस्टरांच्या डोक्यातून जात नव्हते. त्यांना भीती वाटत होती आणि त्यांनी नवऱ्याला तसं सांगितलंही.

"पिशवी घरात आणून ठेवू का?" तो म्हणाला.

"वॉर्डातला पेशंट लपवायचा? मी?"

शनिवारी सकाळी त्यांनी नऊ नंबरसमोर बसून विचार केला. पिशवीची कड दुमडून उंच झालेली होती. ती बोटाने खाली दाबल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. सिस्टरांनी उरलेलं जांभळं औषध त्या काळ्या कडेला गोल फिरवून लावलं.

रविवारी सेक्रेटरी वर आला. वॉर्ड हजर होता. नवरा, टेलरबाई आणि वॉचमन आपापल्या झाडांपाशी उभे. सेक्रेटरी रांगेतून फिरला, नऊपाशी थांबला आणि मान हलवू लागला.

"हे बघा. मी म्हटलंच होतं. पिवळं पडलंय, मरतुकडं. आता तुम्हीच सांगा सिस्टर, मी काय करू?"

सिस्टर झाडाकडे बघतच नव्हत्या. त्या सेक्रेटरीच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. पहिल्या दोन बोटांना मिळून एक भलंमोठं बँडेज होतं.

"हे कुणी बांधलंय?"

"काही नाही. दारात बोटं चेमटली."

"इतकं गचाळ बँडेज मी शिकाऊ पोरीकडूनही चालवून घेतलं नसतं. द्या इकडे."

"अहो, राहू द्या."

"हात."

वॉर्डातला तो आवाज होता. भल्याभल्या सर्जनांनी त्यापुढे हात पुढे केले होते, तिथे सेक्रेटरीची काय कथा. सिस्टरांनी पट्टी शांतपणे सोडवली, गुंडाळत गुंडाळत, घाई न करता. आत दोन्ही बोटं धडधाकट होती आणि जांभळीशार होती. टेलरबाईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं. वॉचमनला एकदम खोकला आला.

"टाकी बघायला येतो मी दुपारचा," सेक्रेटरी खाली बघत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून ते एकटंच जरा लहान होतं हो. बाकीची कशी जोमात. येताना बाटली आणायचो घरून. वरून इतकं कोरडं दिसतं, आणि तुम्ही तर दिवसातून एकदाच..." त्याचा आवाज बारीक झाला. "माझ्यामुळे पिवळं पडलं का ते?"

चोर सापडला की त्याला काय काय सुनवायचं याची सिस्टरांनी दोन दिवस मनात तयारी केली होती. पण त्याच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. डबे लपवून आणणारी माणसं पकडली गेल्यावर अशीच बघायची, आणि तेव्हा त्यांना कधी दोन मऊ शब्द बोलायला सुचलं नव्हतं.

"वाचेल," त्या म्हणाल्या. "बोट घाला आत. खोल. लागली ओल?"

"लागली."

"मग उद्यापासून सकाळी आठला यायचं. बाटली घरी ठेवायची."

नवऱ्याने खिशातून गच्चीच्या परवानगीचं पत्र काढलं. ते त्याने आदल्या दिवशीच बाजारातून टाइप करून आणलं होतं, समास अगदी सारखे. सिस्टरांनी ते नऊ नंबरच्या तक्त्यावर ठेवलं आणि पेन पुढे केलं.

"हे कशाचं?"

"पेशंट वॉर्डात ठेवायचा तर नातेवाइकाची सही लागते."

सेक्रेटरीने एकदा झाडाकडे पाहिलं आणि सही केली. कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या दोन बोटांचे जांभळे ठसे उमटले, आणि तो जिन्याकडे निघता निघता मागे वळून विचारू लागला, "आठ म्हणजे बरोबर आठ, की पाच मिनिटं आधी आलेलं चालेल?"