वितळलेले कान

प्रयोगशाळेत त्याला सगळेच दादा म्हणत, कारण तिथेच कामाला असलेला त्याचा धाकटा भाऊ तसं म्हणायचा. प्लास्टिकसारख्या पॉलिमरचे दाणे वितळवून, केसाएवढ्या धाग्यांचे थरावर थर रचत कानाच्या आकाराची जाळी छापायची, हे दादाचं काम. जाळीच्या भोकांत पुढे पेशी वाढवायच्या. कूर्चा, म्हणजे कानातलं लवचीक हाड, तयार झाली की जाळी हळूहळू विरघळून जाणार. यंत्र चालू असताना दादा शेजारी कुणाला शिंकूही देत नसे. बायको म्हणायची, "त्या कानांचं झालं असेल तर जरा स्वतःचे इकडे करा. मी केव्हाची बोलतेय."

भावाला त्यानेच तिथे चिकटवला होता. आईवडिलांमागे लहानाचा मोठा केला, नोकरीसाठी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांकडे शब्द टाकला. भावाकडे निर्जंतुक करण्याचं काम आलं. काच वाफेच्या यंत्रात, जाळ्या मात्र अल्कोहोलमध्ये, हे दादाने पहिल्याच दिवशी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. कारण ही जाळी पाणी उकळण्याआधीच वितळते.

त्या सकाळी भावाने घाईघाईत काचेच्या बशांबरोबर जाळ्यांचा ट्रेही वाफेत सरकवला. झाकण उघडलं, तर आत मेणासारखा गोळा. पेशी तयार होत्या, आणि त्यांना ठेवायला जागाच उरली नव्हती. सर लालबुंद होऊन आले.

"कुणी सांगितलं वाफेत घालायला?"

भावाने दादाकडे पाहिलंसुद्धा नाही. "दादानेच सांगितलं."

दादाच्या पायाखालची जमीन सरकली. खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग भावाची नोकरी गेली असती. शिवाय हा आता तरी खरं बोलेल, अशी वेडी आशाही होती. भाऊ काचेच्या बशा गोळा करायला लागला. सरांनी दादाला बशा धुण्याच्या खोलीत पाठवलं आणि छपाईचं यंत्र भावाच्या हाती दिलं, कारण दादाचं काम रोज पाहिलेला तोच एक होता.

जाळ्या पुन्हा छापता येतात. पण ज्याला बोट धरून आणलं त्यानेच केसाने गळा कापला, हे काही दादाच्या घशाखाली उतरेना.

काही दिवसांनी भाऊ धुण्याच्या खोलीच्या दारात आला. "दादा, धागा सारखा तुटतोय. उद्या जाळ्या द्यायच्यात."

मरू दे, असं दादाच्या मनात आलं. हातातली बशी पुसून ठेवत तो म्हणाला, "दाण्यांना ओल धरली असेल. नीट सुकव, मग भर."

भाऊ सुटल्यासारखा वळला.

"थांब. सरांना सांगशील ना, दादाने सांगितलं म्हणून?"

भाऊ दारातूनच म्हणाला, "आता त्यांना कशाला सांगायचं?"