नारिंगी झोळी

रोहिदासनं पाठीवर सॅक अडकवून डोंगर हिंडायला सुरुवात केली तेव्हा त्याला त्रेचाळिसावं उलटलं होतं, आणि त्याच्या आईला, काशीबाईला, वाटलं की पोराला कुणीतरी काहीतरी केलं. तिचं फारसं चुकलं नाही. वांगणीच्या बाजूच्या एका पाड्यावर वाढलेला माणूस हा. शाळेला पायी, बाजाराला पायी, लग्नाला पायी. ह्या पायपिटीतून सुटायचं म्हणून शिकला, जव्हारला कचेरीत कारकून झाला, मोटारसायकल घेतली. आणि आता सुट्टीच्या दिवशी हाच गडी, काही काम नसताना, पाठीला ओझं बांधून त्याच वाटांनी चालायला निघाला.

दोष द्यायचा तर आधी डॉक्टरला द्यावा. साखर वाढली आहे, चाला, असं त्यानं सांगितलं. मग हर्षलला द्यावा. हर्षल कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसे. जव्हारच्या कापडदुकानदाराचा मुलगा, जन्मात कधी मोळी उचललेली नाही, म्हणूनच त्याला ओझ्याची एवढी हौस. "नुसतं चालून काय होतंय रोहिदासभाऊ, एक रात्र बाहेर काढायची, डोकं साफ होतं," असं म्हणून त्यानं आपला जुना तंबू रोहिदासच्या गळ्यात मारला.

पहिली रात्र शिरपामाळाच्या अलीकडच्या उतारावर काढली. तंबूखाली नेमका एक दगड आला, आणि तो दगड रात्रभर रोहिदासच्या कमरेशी बोलत राहिला. सकाळी त्याला उठताच येईना. हर्षलनं दोन्ही हात धरून ओढून उभा केला, तेव्हा त्याच्या तोंडून जे शब्द निघाले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

"भुईवर झोपणं तुमच्यासाठी नाहीच," हर्षल म्हणाला. "हॅमॉक घ्या. दोन झाडं बघायची, बांधायचं, वर पडायचं. दगड नाही, ओल नाही, किडा-मुंगी नाही." मोबाइलवर त्यानं चित्र दाखवलं. कुठलंसं परदेशी तळं, दोन उंच झाडं, मधे नारिंगी कापडात एक हसरी बाई पुस्तक वाचत पडलेली. रोहिदासला आवडलं. मागवून टाका, म्हणाला.

आठ दिवसांनी घरी पार्सल आलं. बायकोनं, निशानं, ते उत्साहानं फोडलं, नारिंगी कापड झटकून एक टोक खिडकीच्या गजाला लावलं, दुसरं स्वतःच्या हातात धरलं. "अहो, बघा तरी केवढं मऊ आहे!"

काशीबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिचे हात थांबले. "झोली कशाला आनली?" ती म्हणाली. "कोन दुखनाईत हाय घरात?"

तेव्हा कुठं रोहिदासला दिसलं की आपण काय विकत घेतलं आहे. तळं, झाडं, पुस्तक वाचणारी बाई, ह्या सगळ्यात ते त्याला दिसलंच नव्हतं. तो उठून बाहेर गेला आणि अंगणातल्या नळाखाली उगाचच हात धूत राहिला.

जिथं गाडी जात नाही तिथं आजारी माणूस झोळीतून जातो. चादर नाहीतर घोंगडी घ्यायची, दोन्ही टोकं बांबूला गाठवायची, माणूस आत घालायचा आणि बांबू दोघांनी खांद्यावर घ्यायचा. तान्हं मूल सोडलं तर धडधाकट माणूस त्यात कधी पडत नाही. रोहिदासच्या मुलखात तर पुढची रीतही ठरलेली होती. झोळीतून गेलेला माणूस वाचला, तर ते फडकं धुऊन, घडी घालून, ज्याचं त्याच्या घरी परत द्यायचं. मेला, तर ते कुणाच्याच घरात यायचं नाही. वेशीवरच्या झाडाला बांधून टाकायचं, ऊन-पावसात विरून जाईपर्यंत.

रोहिदासचा धाकटा भाऊ जगन असाच गेला होता. चौदा वर्षांचा होता, ताप डोक्यात चढला होता. रोहिदास तेव्हा एकोणीस वर्षांचा, बांबूचं मागचं टोक त्याच्या खांद्यावर. जगन आतून सारखा विचारत होता, "दादा, आलं का?" आणि रोहिदास सांगत होता, "आलं, आलं." रस्ता अजून दोन तास लांब होता. शेवटच्या चढावर रोहिदास म्हणाला, "थांबा जरा, खांदा सोलला माझा." सगळे थांबले, पाणी प्यायले. बांबू पुन्हा उचलला त्यानंतर जगननं काही विचारलं नाही.

त्याला कुणी बोल लावला नाही. थांबल्यानं काही बिघडलं नाही, असं दवाखान्यातही सांगितलं. पण हिरव्या चौकड्यांची ती चादर वेशीवरच्या ऐनाला बांधली गेली, आणि ती विरायला दोन पावसाळे लागले. रोज येता-जाता ती दिसे. रोहिदास जव्हारला आला तो नोकरीसाठी, असं सगळे समजतात. खरं म्हणजे त्या झाडाखालून जाणं त्याला सोसेना.

मग हॅमॉक परत का नाही पाठवलं? निशानंही हेच विचारलं. पण चोवीस वर्षं ज्या कापडाला भ्यालो त्यात एकदा पाठ टेकून दाखवू, अशी काहीतरी हट्टाची गोष्ट त्याच्या मनानं घेतली. दिवाळीच्या आधीच्या सुट्टीत हर्षलला सर्दी झाली, तरी हा एकटाच निघाला आणि मुद्दाम आपल्याच मुलखाच्या बाजूला गेला. नागलीची कापणी चालली होती. एका टेकाडावर त्यानं दोन साग बघून हॅमॉक बांधलं, नीट ताण दिला, हातानं दाबून पाहिलं. आणि आत काही बसला नाही. तीनदा उठला, तीनदा कापडाला हात लावला आणि परत आला. अख्खी रात्र त्यानं सागाच्या बुंध्याला टेकून काढली आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

उजाडल्यावर तो चहाला पाणी ठेवत होता, तेवढ्यात खालच्या वाटेनं माणसं धावत वर आली. पुढं एक बाप्या, त्याच्या पाठीवर नऊ-दहा वर्षांची मुलगी, मागं कोयता घेतलेला दुसरा, आणि पदर कमरेला खोचलेली बाई. हॅमॉक पाहून कोयतेवाला जागीच थांबला.

"तुमचा दुखनाईत कसा हाय?" त्यानं विचारलं. झाडाला झोळी टांगून वाटेत विसाव्याला थांबलेला माणूस, एवढाच त्याचा अर्थ तिथल्या कुणालाही लागला असता.

"नाय," रोहिदास म्हणाला. "कोणी नाही त्यात."

"मोकली हाय?" बाईनं विचारलं. "मंग आमाला द्या. माझ्या पोरीला, वर्षीला, जनावर चावलं. खोपीत भुईवर निजली व्हती."

सापाचं नाव तिकडं तोंडानं घेत नाहीत. मुलीच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या, मान बापाच्या खांद्यावरून घरंगळत होती, आणि बापाच्या गळ्यात घातलेले तिचे हात आता सुटले होते. पाठीवर ती राहीनाच. बाप पुंजा, बाई सुकरी, कोयतेवाला तिचा दीर ढवळू, ही नावं रोहिदासला पुढं वाटेत कळली. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं की हे पोर मरतंय आणि झोळी आपल्यापाशी आहे.

ढवळूनं एक सरळ बांबू तोडला. रोहिदासनं पट्टे सोडले, कापडाची टोकं बांबूला गाठवली. हे हात कधी विसरले नव्हते. मुलगी आत घातली तशी नारिंगी कापड तिच्याभोवती मिटलं. पुंजानं पुढचं टोक घेतलं. मागचं टोक रोहिदासनं घेतलं, कुणी सांगायच्या आधीच.

गाडीरस्ता दीड तासावर होता. कमर पहिल्याच चढाला ओरडू लागली. रोहिदासनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. "पोरीला बोलतं ठेवा," तो सुकरीला म्हणाला. सुकरी झोळीला हात लावून पळत होती आणि काहीबाही विचारत होती. शेळीचं नाव काय, शाळेत बाई कोण, काल काय जेवलीस. मुलगी जड जिभेनं एखादं उत्तर देई. आणि मग, ओढा ओलांडल्यावर, तिनं आतून विचारलं, "आलं का?"

चोवीस वर्षांनी तोच प्रश्न त्याला पुन्हा आला होता. देवा, का रे मलाच, असं तो मनात ओरडला. आणि मोठ्यानं म्हणाला, "नाही पोरी. लांब आहे अजून. पण मी थांबणार नाही. तू विचारत राहा."

चढाच्या मध्यावर ढवळू म्हणाला, "भाऊ, द्या माज्याकडं. खांदा बदला."

"थांबायचं नाही."

"रगत निगतंय तुमचं."

"निघू दे. थांबायचं नाही म्हटलं ना!"

हे खरं तर मूर्खपणाचं होतं. ताज्या दमाचा माणूस शेजारी असताना दमलेल्यानं ओझं सोडू नये, ह्यात शहाणपण कुठलं? पण तेव्हा त्याला कोण समजावणार. मुलीनं आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. सुकरीनं आत हात घातला आणि म्हणाली, "श्वास हाय," आणि पुन्हा पळू लागली.

रस्त्यावर भाजीची जीप मिळाली. मुलीला झोळीसकट मागं ठेवलं, आई-बाप चढले, जीप सुटली. "जव्हारच्या कचेरीत रोहिदास म्हणून विचार," एवढं त्यानं ढवळूला सांगितलं. मग तो रस्त्याच्या कडेला बसला. हातात नुसता बांबू राहिला होता.

दुसऱ्या दिवशी तो जव्हारच्या दवाखान्यात गेला. मुलीला श्वास घेता येत नव्हता, नळी घालून पुढं नाशिकला पाठवलं, असं कळलं. पुढचं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुंजाचा फोन नंबर कुणापाशी नव्हता.

त्यानंतर रोहिदास फक्त वाट बघत राहिला. कचेरीत दाराशी कुणाची सावली पडली की त्याची मान वर होई. कुणी दाखल्याला येई, कुणी सहीला. घडी घातलेलं नारिंगी कापड कुणाच्याच हातात नसे. पहिल्या आठवड्यात काशीबाई रोज म्हणायची, "येतील रं, धून आनतील." दुसऱ्या आठवड्यात तिनं ते म्हणायचं सोडलं. त्याला अन्न जाईना. हर्षलनं एकदा सहज म्हटलं, "दुसरं मागवू या भाऊ, त्यात काय," तर रोहिदास त्याच्यावर असा खेकसला की सगळी कचेरी वळून बघू लागली. नंतर त्यानं माफीही मागितली. पण हर्षलला तरी कसं सांगणार, की तो कापडाची नाही, एका जिवाची वाट बघतोय?

विसाव्या दिवशी त्याला ते असह्य झालं. रविवारी तो एकटाच निघाला. ओढ्यापलीकडं पुंजाच्या पाड्याची वेस लागली आणि तो प्रत्येक झाडाकडं बघत चालला. साग. ऐन. एका मोहाच्या फांदीला लाल-पिवळं काहीतरी लोंबत होतं. जवळ गेला तर कुणीतरी वाळत घातलेलं जुनं पोतं होतं. झाडांवर काही नाही, हे पाहूनही त्याला धीर आला नाही. नाशिकलाच दगावली असेल, कापड तिकडंच टाकून दिलं असेल, असं मन सांगत राहिलं.

पुंजाचं घर शेवटचं होतं. दार उघडं होतं. आत आढ्याला नारिंगी कापड टांगलेलं दिसलं आणि रोहिदास उंबऱ्यातच खिळला.

सुकरी चुलीपासून उठली. त्याला ओळखताच तिनं आधी तोंडावर पदर घेतला. "आमचं चुकलं भाऊ. धून ठेवली व्हती. दोनदा आनाया निगाले. पन ही पोर भुईला पाठ लावत नाय. झोली सोडली का थरथरते, रडते. मंग कशी आनू? आनि तुमाला सांगायची लाज वाटली."

कापड हललं. आतून दोन काळे डोळे बाहेर बघत होते. गळ्यावर पांढरी पट्टी होती. वर्षी जिवंत होती.

"राहू दे," रोहिदास म्हणाला. "राहू दे तिलाच." मग काहीतरी करायचं म्हणून त्यानं आढ्याची गाठ तपासली, झोळी हातभर खाली घेतली, पडली तरी लागू नये म्हणून.

मुलगी त्याच्याकडं बघत होती. घोगऱ्या आवाजात तिनं विचारलं, "मंग तुमी कशात निजता?"

"मी? भुईवर."

तिनं जरा विचार केला. मग ती कापडात एका बाजूला सरकली. "मोठी हाय ही," म्हणाली.

रोहिदासनं बूट काढले. पाय भुईलाच ठेवून तो झोळीच्या काठावर बसला. कापडानं त्याचं ओझं सहज घेतलं. आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा तो जगनसाठी रडला, मोठ्यानं, लोकांच्या घरात, लाज न धरता. सुकरीनं चुलीवर चहाला पाणी ठेवलं.