कंसमामाचे चौकोनी कंस

ऑफिसात माझ्या सख्ख्या मामाला सगळे कंसमामा म्हणतात. पुराणातल्या त्या मामाशी याचं काही देणंघेणं नाही. हा बिचारा फक्त चौकोनी कंसांच्या मागे लागलेला असतो. आमच्या जुन्या मोठ्या कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षरामागे एक आकडा असतो. बाकीची अक्षरं गुण्यागोविंदानं नांदतात, चौकोनी कंसाचा आकडा मात्र दर मशीनवर वेगळा. पडद्यावर कंस दिसतो आणि मशीन भलतंच वाचतं. म्हणून मामा प्रत्येक ओळीखालचे आकडे उघडतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि पडद्याला नाक लावून तेवढेच वाचतो. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," हे तो इतक्यांदा म्हणतो की मामी ताट वाढताना सांगते, "भाजीचे आकडे बघून घ्या."

मी तिथंच नोकरीला लागले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "मामाच्या जिवावर आलीय." ते फार लागलं मला. पहिला प्रोग्राम चोख चालवून सगळ्यांची तोंडं बंद करायची, असं मी ठरवलं. तो लॅपटॉपवर लिहिला, मोठ्या मशीनवर चढवला, आणि नेमकी साहेबांना दाखवायच्या दिवशी त्यानं मान टाकली. कारण अर्थातच कंस.

मामाला हाक मारायची नव्हती, पण तो आपणहून आला आणि माझी फाइल स्वतःच्या टेबलावर उघडून बसला.

"एका आज्ञेत सगळे बदलूया?" मी विचारलं.

"ती आळशांची कामं," म्हणत त्यानं एकेक ओळ हातानं दुरुस्त केली. तरी प्रोग्राम चालेना. मामानं आकडे पुन्हा तपासले. सगळे कंस बरोबर होते. साहेबांना दाखवायची वेळ टळून गेली होती आणि मामा घामाघूम.

मी आकडे बंद करून साध्या डोळ्यांनी पाहिलं. मामानं हात लावलेली प्रत्येक ओळ कॅपिटल झाली होती, आणि माझ्या प्रोग्रामच्या भाषेत लहान आणि कॅपिटल अक्षर म्हणजे दोन वेगळी अक्षरं. त्याचे जुने प्रोग्राम सगळे कॅपिटलमधले, त्यामुळे हात लागेल ती ओळ कॅपिटल करणारं सेटिंग त्यानं जन्मात बंद केलं नव्हतं. मला हसू आवरेना. सेटिंग बंद केलं, ओळी पुन्हा लहान अक्षरांत आणल्या आणि प्रोग्राम चालला.

"इतका उशीर?" साहेबांनी आल्या आल्या विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मामा उभा राहिला. "घोळ मी घातला. हिनं शोधला आणि हिनंच निस्तरला." आवाज असा, की खालच्या मजल्यावरही ऐकू जावा. मामा चुकतो, हे त्या ऑफिसात आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

दुपारी शेजारच्या बाई अडलेली फाइल घेऊन आल्या.

"मामाला विचारा ना," मी म्हटलं.

"विचारलं," त्या म्हणाल्या. "त्यांनीच तुझ्याकडे पाठवलं."

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.