न पेटलेला बल्ब

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. महाडच्या बाजारातल्या दुकानाने पाठवलेला तो वायरमन आमच्याकडे गरम पाण्याचा शॉवर बसवत होता. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्या टॉवेल खांद्यावर टाकून दारातच उभ्या होत्या.

जोडणी झाल्यावर त्याने दोन वायरी लावलेला बल्ब काढला आणि एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला टेकवलं. बल्ब पेटला नाही.

"अर्थिंगची वायर नळाला बांधल्याय, ताई. नळ तर प्लास्टिकचा हाय, गळलेला करंट जमिनीत जाणार कसा? पाण्यातनं शॉक बसंल."

पुरानंतर आम्हीच लोखंडी नळ बदलले होते. त्या वायरीचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता.

"आज आंघोळ नाय, आजी."

"इतकी वर्षं कोण मेलं रे या घरात?" सासूबाई कडाडल्या.

त्याने शॉवरचा फ्यूज काढून खिशात टाकला. "रागवा. रागावलेल्या माणसाकडं परत येता येतं," म्हणाला आणि निघून गेला.

"पळाला तुझा वायरमन," हे मी सासूबाईंकडून दुपारभर ऐकलं.

संध्याकाळी तो तांब्याची सळई, मीठ आणि कोळसा घेऊन आला. परसात खड्डा खणून त्याने मीठ-कोळशात सळई पुरली, नवी वायर ओढली आणि खिशातला फ्यूज परत बसवला. आता बल्ब लख्ख पेटला. सासूबाईंनी आत जाऊन कडी लावली, पाणी पडू लागलं. तो मात्र मेन स्विचवर बोटं ठेवून, दाराकडे कान लावून उभा राहिला. संपलेल्या कामापाशी असं थांबलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

आतून सासूबाईंनी साबण मागितला, तेव्हा कुठे त्याने हात खाली घेतला.