हुंकार आणि होकार

"या रस्त्यानं तू कधी दूध आणायला गेली आहेस का?"

सबनीस काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. साल २००१, झाडांची पानं रंगून गळायला लागली होती. अमेरिकेतल्या आमच्या गावच्या टाउन हॉलमध्ये, इंजिनिअरिंग विभागात मी नुकतीच रुजू झाले होते. मेन स्ट्रीट नव्यानं बांधायची होती आणि तिचा पहिला कच्चा आराखडा मी मोठ्या हौसेनं काकांच्या टेबलावर पसरला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागदाला जवळजवळ नाक लावून बराच वेळ पाहिलं आणि चक्क मराठीत हा प्रश्न केला.

मी म्हणाले, "नाही. मी कारनं येते."

"मग कोट घाल."

त्यांनी मला रस्त्यापलीकडच्या दुकानात नेलं, दुधाचा मोठा कॅन घेतला आणि माझ्या हातात दिला. परतताना मी रस्त्याच्या मध्यावर पोचले तोच एक ट्रक कोपऱ्यावरून वळला. कॅन छातीशी धरून मी धावत सुटले. काका मागून शांतपणे चालत आले. "हातात ओझं असलं की रस्ता रुंद होतो," ते म्हणाले. "आता आराखडा परत काढ."

श्री. मधुकर सबनीस या महिन्यात पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. आपल्या मंडळातले बहुतेक लोक त्यांना गणेशोत्सवात खुर्च्यांच्या मधून वाट किती सोडायची यावरून दरवर्षी हुज्जत घालणारे काका म्हणून ओळखतात. ते सांगलीचे. तरुणपणीच इथं आले, राज्याच्या रस्ते खात्यात आयुष्यभर काम केलं. निवृत्त झाल्यावर श्रूजबरीजवळच्या आमच्या छोट्या गावानं त्यांना आठवड्यातले काही दिवस इंजिनिअर म्हणून बोलावलं. त्यांच्या हाताखाली मी शिकले. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी पुष्कळजण लिहितील. मला लिहायचं आहे ते त्यांच्या एका चुकीविषयी, कारण त्यांचा मोठेपणा मला त्या चुकीतून समजला.

आधी एक गंमत सांगते. ऑफिसात सगळे त्यांना 'मधू' म्हणत. मला ते जमेना. 'काका' म्हटलं तर ते दटावत, "इथं काका म्हणू नकोस. लोकांना वाटेल, पुतणीला चिकटवली." त्यामुळे मी कित्येक महिने त्यांना कुठल्याच नावानं हाक मारली नाही. काही हवं असलं की त्यांच्या टेबलाशी जाऊन खाकरत असे.

गावाच्या मधोमध एक बंद पडलेली सूतगिरणी होती. एक डेव्हलपर तिथं दुकानं आणि फ्लॅट्स करायला तयार झाला होता, पण त्याची अट होती: गिरणीपुढची मेन स्ट्रीट चार पदरी हवी. गावाकडे पैसा नव्हता. राज्य सरकारचा निधी मिळणार होता आणि त्या निधीच्या भरवशावर माझी नेमणूक झाली होती. त्या दिवसांत कंपन्या भराभर माणसं कमी करत होत्या. माझा नवरा महेश याची नोकरी गेली होती. त्याचा, माझा आणि आमच्या छोट्या रेवाचा या देशातला मुक्काम माझ्या व्हिसावर, म्हणजे माझ्या नोकरीवर, म्हणजे या रस्त्यावर अवलंबून होता. हे काकांना माहीत होतं.

चार पदरी रस्त्यात एक अडचण होती. रस्त्याच्या एका बाजूला वयस्कर लोकांची सरकारी इमारत, दुसऱ्या बाजूला लायब्ररी आणि ते दुधाचं दुकान. मधलं क्रॉसिंग नव्या आराखड्यात नव्हतं. गाड्यांचा वेग राहावा म्हणून डेव्हलपरच्या माणसांनी ते काढून पार गॅस स्टेशनजवळच्या सिग्नलला नेलं होतं. त्या इमारतीत आपल्यापैकी काहीजणांचे आईवडीलही राहत. साडीवर स्नीकर्स घालून रोज सकाळी फिरायला निघणाऱ्या आज्यांची रांग मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत असे.

काकांना हा आराखडा पसंत नव्हता. "याला हे लोक रोड इम्प्रूव्हमेंट म्हणतात," ते मला म्हणाले होते. "इम्प्रूव्हमेंट म्हणजे पेशंटला बरं वाटायला हवं. इथं डॉक्टरच खूश."

आणि तरीही गोंधळ झाला तो त्यांच्यामुळेच.

डेव्हलपरच्या वतीनं केविन नावाचा गृहस्थ सगळं पाहत असे. एका दुपारी त्याचा फोन आला. माझं टेबल शेजारीच होतं. केविन पलीकडून बदल समजावून सांगत होता आणि काका इकडून "यस... यस... ओके... यस" म्हणत होते. माझ्या कानाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आपल्याकडे कुणी सांगत असलं की आपण हुंकार देतो. ऐकणारा गप्प राहिला तर सांगणाऱ्याला वाटतं, याचं लक्ष नाही. काका मराठीत जिथं "हं... हं" म्हणाले असते तिथं इंग्रजीत "यस" म्हणत होते, इतकंच. काकांच्या पत्नी सुमनकाकू नेहमी सांगतात, "यांच्या 'हं'चा अर्थ मलाच अजून लागलेला नाही. सोफा घेऊ या का विचारलं, तर हं म्हणाले. सोफा घरी आला तर मला विचारतात, हा कुणी मागवला?"

पुढच्या आठवड्यात टाउन हॉलमध्ये जाहीर सुनावणी होती. सभागृह भरलेलं. वयस्करांच्या इमारतीतल्या डॉरथीबाई वॉकर घेऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि टाउन बोर्डाला म्हणाल्या, "मी त्या बाजूला राहते, लायब्ररी या बाजूला आहे. मरेपर्यंत कुठल्या बाजूला राहायचं ते मी आत्ताच ठरवायचं का?"

लोक हसले. केविन उठला. तो वाईट माणूस नव्हता, अगदी नम्रपणे म्हणाला, "मला त्यांची काळजी समजते. पण क्रॉसिंग हलवायला तुमच्याच इंजिनिअरनी होकार दिला आहे. मी फोनवर एकेक मुद्दा सांगितला आणि मधू प्रत्येकाला यस म्हणाले."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. डॉरथीबाईंचीही. मी काकांच्या शेजारीच होते. फोनवर आपण काय म्हणत होतो ते त्यांना त्या क्षणी आठवलं असावं. त्यांनी अध्यक्षीणबाईंकडे एका आठवड्याची मुदत मागितली. ती मिळाली, पण बाईंनी बजावलं की राज्याकडे मंजूर आराखडा जायला त्यापुढे दिवस उरलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका मला त्या इमारतीपुढच्या बाकावर घेऊन गेले. समोरून गाड्या जात होत्या. ते म्हणाले, "गप्प बसून केविनच्या आराखड्यावर सही केली तर सगळं सुरळीत होईल. मी हो म्हणालोच होतो, असं समजून लोक घरी जातील. क्रॉसिंग ठेवून आराखडा बदलला तर निधी कमी होईल, नाहीतर हातचा जाईल. पहिली कात्री कुठं लागेल ते तुला माहीत आहे."

मी म्हणाले, "हं."

"हा होकार आहे की हुंकार?"

मी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"माझ्या एका 'यस'नं सगळ्या गावाला अडकवलंय," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या 'हं'चा अर्थ मी माझ्या सोयीनं लावणार नाही. नीट सांग."

मग मी सांगितलं. "काका, मला भीती वाटते. रेवा आत्ता कुठं शाळेत रुळलीय. तुम्ही सही करावी असं मला वाटतं. आणि केलीत तर मला तुमच्याकडे बघता येणार नाही."

ऑफिसच्या वेळेत मी त्यांना काका म्हटलं होतं. त्यांनी दटावलं नाही. ते म्हणाले, "माझं निवृत्तिवेतन चालू आहे, घर फिटलंय. मला गमावण्यासारखं काहीच नाही, आणि हेच यातलं सगळ्यात वाईट. तत्त्व माझं आणि किंमत तुझी."

मी म्हणणार होते की माझी तयारी आहे. ते खरं नव्हतं, पण म्हणणार होते. त्यांनी हात वर केला. "तू हो म्हणू नकोस. उद्या काही झालं तर 'मी तिला विचारलं होतं' असं मला म्हणता येता कामा नये."

इतकी वर्षं झाली, या वाक्यापाशी मी अजून थांबते. माझा होकार घेणं त्यांना किती सोपं होतं. मी दिलाही असता, आणि मग त्यांच्या निर्णयाचा अर्धा भार माझ्या अंगावर आला असता. तो त्यांनी येऊ दिला नाही.

तो आठवडा आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. महेशनं एकदाच विचारलं, "काका काय करतील?" मी म्हणाले, "खरं सांगतील." तो म्हणाला, "तेच विचारत होतो," आणि भांडी घासायला गेला.

दुसऱ्या सुनावणीला अध्यक्षीणबाईंनी सरळ विचारलं, "तुम्ही यस म्हणाला होतात का?"

"म्हणालो होतो," काका उभे राहून म्हणाले. सभागृहात कुजबुज झाली. "आमच्या भाषेत समोरचा बोलत असताना गप्प राहणं बरं दिसत नाही. मी ऐकतोय, एवढंच मी सांगत होतो. इथं इतकी वर्षं राहून मला हा फरक कळायला हवा होता. केविननं ऐकलं ते बरोबरच ऐकलं, चूक माझी आहे."

मग त्यांनी बदललेला आराखडा भिंतीवर लावला. पदर कमी, मधोमध थांबायला छोटं बेट, बटण दाबायचा सिग्नल. "निधी नको असं मी म्हणत नाही. गिरणी उभी राहायला हवी. पण लोकांच्या पैशानं रस्ता बांधायचा आणि त्या लोकांना तो ओलांडता येऊ नये, यावर मला सही करता येणार नाही. बोर्डाला दुसऱ्या कुणाची सही घ्यायची असेल तर मी आजच जागा सोडतो."

कुणीतरी मागून ओरडलं, "निधी गेला तर कोण भरून देणार?" काकांनी मागं वळून बघितलं. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," ते म्हणाले. मतदान झालं. अगदी थोड्या फरकानं काकांचा आराखडा राज्याकडे गेला. डॉरथीबाईंनी वॉकर जमिनीवर आपटून टाळ्या वाजवल्यासारखं केलं. मी मात्र भिंतीवरचा आराखडा उतरवून गुंडाळू लागले.

नंतर नुसती वाट पाहायची होती. सगळा हिवाळा तसाच गेला. एका रविवारी काका आमच्या दारात उभे राहिले. "चहा नको. आधी ऐक. निधी आलाय, पण कमी. तुझी जागा त्यात नाही. ऑफिसचं पत्र उद्या येईल, ते वाचायच्या आधी तुला माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो."

मी रडले नाही. मला राग आला. तो बरेच दिवस राहिला. काकांना तो कळत होता, पण त्यांनी माझी समजूत घातली नाही. जुन्या ओळखीच्या फर्म्सना फोन केले आणि त्यांच्या खडखडणाऱ्या गाडीतून मला मुलाखतींना नेऊ लागले. गाडीत धीराचा एक शब्द नाही. "उतारावर पाणी कुठं साठेल? बस थांबली तर मागच्या गाडीनं काय करायचं?" असले प्रश्न मात्र वाटभर. श्रूजबरीतल्या एका फर्मनं मला घेतलं, व्हिसाची वेळ निघून जायच्या आत. मुलाखतीत त्यांनी विचारलं की बस थांब्यावर थांबली तर मागच्या गाडीनं काय करायचं. मी बाहेर आले तेव्हा काका पार्किंगमध्ये वर्तमानपत्र वाचत होते. माझा चेहरा बघून त्यांनी त्याची घडी घातली आणि गाडी सुरू केली. त्या दिवशी राग संपला.

रस्ता झाला. डेव्हलपरनंही कुरकुरत कमी पदर चालवून घेतले. गिरणीत आज दुकानं आहेत, वरच्या फ्लॅट्समध्ये दिवे लागतात. रेवा लायब्ररीत जाते ती त्याच क्रॉसिंगवरून, मधल्या बेटावर मैत्रिणीशी गप्पा मारत थांबते. केविन काकांना भेटला की विचारतो, "मधू, इज दॅट अ यस, ऑर इज इट अ हं?" 'हं' तो इतका छान म्हणतो की सांगलीचाच वाटावा.

गावच्या कामातूनही निवृत्त झाल्यावर काकांनी काय केलं असेल? अंगात केशरी जाकीट, हातात 'थांबा' लिहिलेली पाटी, आणि शाळा भरायच्या वेळी मुलांना रस्ता ओलांडून द्यायला त्याच क्रॉसिंगवर उभे. हृदयाची बायपास झाली तरी उभे. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून मनगट मोडलं, तर प्लास्टर घातलेल्या हातावर जाकीट चढवून उभे. काकूंनी दार लावून घेतलं तर मागच्या दारानं गेले.

काका, तुमचं हृदय, तुमचे गुडघे आणि काकूंचा धीर ही तिन्ही आणखी खूप वर्षं टिकोत. शंभराव्या वर्षीही कुणा नव्या मुलीच्या हातात दुधाचा कॅन देऊन तिला रस्त्यापलीकडे पाठवण्याइतके तुम्ही खणखणीत असा.

आणि एक मागणं आहे. या हिवाळ्यात, बर्फ वितळेपर्यंत, ती पाटी मला द्या. मी कामावर उशिरा जाईन, तसं विचारून ठेवलंय. तुम्ही खिडकीशी बसा, चहा घ्या, मी चुकले तर दुपारी फोन करून रागवा. तुम्ही हे वाचाल, चष्मा कपाळावर सरकवाल आणि "हं" म्हणाल. त्याचा अर्थ या गावात आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मागते आहे. काका, या एका खेपेला तुमच्या हुंकाराला होकार समजू द्या.